वाड्यात नेमकं काय घडलं होतं? चिंचवड, खेड आणि घर नावाचं साधन

माझ्या पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात एक वाक्य होतं: "चिंचवडच्या वाड्यात चापेकर बंधूंनी रँडच्या वधाचा कट रचला." खर्डा परत आला तेव्हा मॅडमनी त्या वाक्याभोवती पेन्सिलनं गोल केला होता आणि समासात एवढंच लिहिलं होतं, "१८९७ मध्ये हे लोक राहत कुठे होते?"

मी ते वाक्य कुठून आणलं होतं? कुठूनच नाही. लहानपणी शाळेच्या सहलीत वाडा पाहिलेला, मग चापेकर चौकातून हजार वेळा बस बदललेली. घर, बंधू आणि गोळीबार या तीन गोष्टी डोक्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. चापेकरांचं मूळ घर चिंचवडचं हे खरं, पण प्लेगच्या वर्षी त्यांचं बिऱ्हाड पुण्यात होतं. तालीम, मुलांचा क्लब, पाळत, गोळ्या, सगळं पुण्याच्या आसपास घडलं. कटाची जागा म्हणून चिंचवडचा वाडा दाखवणारं एकही साधन माझ्याकडे नव्हतं.

वाक्य खोडायला दोन सेकंद लागले. त्यानंतरचा प्रश्न मात्र वर्षभर पुरला. इथे कट झालाच नसेल, तर हा वाडा नेमका कशाचा पुरावा आहे? आपण तो कशासाठी जपतो आणि बघायला येणाऱ्या माणसाला तिथे काय सांगतो?

आजची पोस्ट त्याबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण संशोधनाचा विषय शोधताय. "आमच्या गावात एक जुना वाडा आहे, त्यावर काही करता येईल का?" असं विचारणारे मेल मला दर महिन्याला येतात. करता येईल. पण आधी वाडा वाचायचा कसा, ते पाहू.

आधी घटना, तारखांसकट

१८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तासाठी वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याला आणलं गेलं. गोऱ्या सैनिकांकडून घरोघर झडत्या सुरू झाल्या. २२ जून १८९७ ला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला गेला.

दामोदर हरी चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली. माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना ८ फेब्रुवारी १८९९ ला वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी गोळ्या घातल्या. त्यानंतर मे महिन्यात पाच दिवसांत तीन फाशा झाल्या: ८ तारखेला वासुदेव, १० ला रानडे, १२ ला बाळकृष्ण. म्हणजे तेरा महिन्यांच्या आत एका घरातले तीन सख्खे भाऊ गेले.

आता या सगळ्या जागा नकाशावर मांडा: पुण्याच्या पेठा, गणेशखिंड, येरवडा. चिंचवड त्यात कुठेच येत नाही.

मग वाड्यात काय आहे?

उत्तराकडे जायचा रस्ता मला दामोदरपंतांच्या स्वतःच्याच लिखाणात सापडला. तुरुंगात असताना त्यांनी आत्मवृत्त लिहिलं. त्याचा प्रवास आधी पाहा, कारण साधनचिकित्सेचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. मजकूर मराठीत लिहिला गेला आणि सरकारी दप्तरात जाऊन पडला. छापून आधी आला तो त्याचा इंग्रजी अनुवाद, मुंबई सरकारनं १९५८ मध्ये काढलेल्या स्वातंत्र्यलढ्याच्या साधनग्रंथाच्या दुसऱ्या खंडात. मराठी मजकूर वि. गो. खोबरेकरांनी संपादित केला आणि तो १९७४ मध्ये राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केला. मधली सोळा वर्षं ज्यांनी या माणसाबद्दल लिहिलं, त्यांतल्या अनेकांच्या हाताशी त्याचे मराठी शब्द नव्हतेच, अनुवाद होता. तेव्हा कुणाचंही जुनं पुस्तक वाचताना आधी त्याचं प्रकाशनवर्ष बघा आणि मग विचारा की या लेखकासमोर कोणती प्रत होती.

तर या आत्मवृत्तात बंदुका आहेत, पण आधी घर आहे. वीसेक माणसांचं एकत्र कुटुंब. एके काळी बऱ्यापैकी पैसा असलेलं. आजोबा विनायकराव धडपडे, पण त्यांचे धंदे बसत गेले आणि घर खाली आलं. लहानपणी सगळा गोतावळा घेऊन केलेली काशीयात्रा त्यात आहे. पुढे वडील हरिपंत कीर्तनाकडे वळले. घरातल्यांना ते कमीपणाचं वाटलं. मुलं मात्र वडिलांच्या मागे साथीला उभी राहिली, गावोगाव फिरली आणि पुराणं त्यांना तोंडपाठ झाली.

इथे माझ्या डोक्यात दिवा लागला. चिंचवडचा वाडा रँडच्या गोष्टीचा साक्षीदार नाही. एक सधन ब्राह्मण कुटुंब एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कसं उतरणीला लागलं, त्यातला कर्ता मुलगा कीर्तनकार का झाला आणि त्याची मुलं कोणत्या शब्दांवर पोसली गेली, या गोष्टीचा तो साक्षीदार आहे. ही गोष्ट गोळीबारापेक्षा हळू चालते, पण गोळीबार समजायचा तर तिच्यावाचून गत्यंतर नाही.

उंबरठ्याचा इतिहास

आणखी एक गोष्ट आहे. प्लेगचं राजकारण पुण्यात पेटलं ते घरावरूनच. लोकांचा राग नुसत्या औषधावर किंवा डॉक्टरांवर नव्हता. बूट घातलेला शिपाई ओसरी ओलांडून माजघरात येतो, देवघरात डोकावतो, स्वयंपाकघरात शिरतो, बायकांना तपासणीसाठी बाहेर काढतो, आजारी माणसाला उचलून नेतो आणि सामान जाळतो, यावर होता. वाड्याची सगळी रचनाच "कोण कुठपर्यंत येऊ शकतं" यावर उभी असते. परका ओसरीपर्यंत, ओळखीचा सोप्यापर्यंत, नातलग माजघरापर्यंत. काही जातींच्या माणसांना तर दारातच थांबवलं जायचं, हेही त्याच रचनेत होतं आणि ते गाळून वाड्याचं कौतुक करणं खोटं आहे. १८९७ च्या झडत्यांनी ही उतरंड एका दिवसात तुडवली.

सरकारी बाजू वेगळं सांगते. रँडचा प्लेगवरचा अहवाल छापलेला आहे आणि त्यात झडत्या शिस्तीत, काळजी घेऊन झाल्याचं चित्र आहे. इकडे तेव्हाच्या मराठी वर्तमानपत्रांतून तक्रारींचा पूर आहे. आणि मधोमध उभे आहेत गोखले. विलायतेत असताना त्यांनी सैनिकांच्या अत्याचारांचे आरोप जाहीरपणे मांडले. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांना जाहीर माफी मागावी लागली. याचा अर्थ काही घडलंच नाही असा नाही. जिच्यावर प्रसंग गुदरला ती बाई साक्ष द्यायला पुढे येईल अशी परिस्थितीच नव्हती. साधन नाही म्हणजे घटना नाही, असं म्हणायची घाई करू नका. त्याच वेळी, साधन नसताना ती घटना तपशिलानं रंगवूही नका. या दोन वाक्यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात आपला धंदा चालतो.

म्हणून मला वाटतं, आज चिंचवडला येणारा पाहुणा जेव्हा चपला काढून उंबरठा ओलांडतो, तेव्हा त्याला सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी जो प्रश्न इतका पेटला होता, तो उंबरठा कोणी आणि कसा ओलांडायचा याचा होता. वाड्याची वास्तू हे सांगायला जितकी समर्थ आहे तितका कोणताही फलक नाही.

निघून गेलेल्यांची घरं

चिंचवडहून नाशिक रस्त्याला लागा. भोसरी, मोशी, चाकण. दोन्ही बाजूंना कारखाने, कंटेनर, ट्रॅफिक. चाकणच्या पुढे भीमेच्या काठी खेड, म्हणजे आजचं राजगुरूनगर. शिवराम हरी राजगुरू २४ ऑगस्ट १९०८ ला इथल्या वाड्यात जन्मले. तो वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे आणि जन्मखोली लोक आवर्जून बघतात. घराण्याची परंपरा सांगते की पूर्वज कचेश्वर ब्रह्मे हे चाकणचे आणि "राजगुरू" हे नाव छत्रपती शाहूंच्या काळात मिळालं.

इथेही तोच पेच. वडील लवकर गेले. शिवराम पंधरा-सोळाच्या वयात घर सोडून नाशिक, काशी असा निघाला. साँडर्सचा वध १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरात झाला आणि फाशी २३ मार्च १९३१ ला, लाहोरातच. खेडच्या वाड्यात "इतिहास" म्हणून आपण जे शिकतो, त्यातलं काहीही घडलं नाही. तिथे घडला तो एका मुलाचा जन्म, आणि एक दिवस त्याचं निघून जाणं.

तुलनेला पुण्याच्या गंज पेठेतला फुले वाडा घ्या. तिथे घर आणि घटना एकत्र आहेत. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हौद तिथेच, कृती तिथेच. त्या घरात उभं राहून "इथे घडलं" असं म्हणता येतं. चिंचवडला आणि खेडला तसं म्हणता येत नाही. तिथे म्हणायचं ते "इथून निघाले".

फरक शब्दांचा वाटेल, पण सगळी मांडणी त्यावर बदलते. "इथून निघाले" म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग इथे राहिलं कोण? चापेकरांच्या घरच्या बायका, राजगुरूंची आई पार्वतीबाई, भाऊबंद, शेजारी. पोलिसांच्या नजरेखाली, मदतीला येणाऱ्यांनाही धास्ती वाटेल अशा दिवसांत त्यांनी चुली पेटत्या ठेवल्या. फाशी गेलेल्यांचे जबाब आहेत, खटल्याचे कागद आहेत, आत्मवृत्त आहे. मागे राहिलेल्यांचं फारसं काही लिहिलेलं नाही. आणि गंमत अशी की घर हे नेमकं त्यांचंच साधन आहे. आयुष्य त्यांनीच तिथे काढलं. न्हाणीघर, जातं, कोनाडे, बाळंतिणीची खोली या गोष्टी क्रांतिकारकाबद्दल काही सांगत नाहीत, पण त्याच्या आईबद्दल बरंच सांगतात.

माझा प्रबंधाचा विषय इथे बदलला. मॅडमच्या पेन्सिलचे उपकार.

वाडा कोणाच्या ताब्यात, तशी गोष्ट

चिंचवडमध्येच तिसरा एक वाडा आहे, मंगलमूर्ती वाडा. मोरया गोसावींच्या वंशातल्या देव घराण्याचा. मोरयांना कऱ्हेच्या पात्रात मिळालेली मूर्ती इथे आहे अशी श्रद्धा आहे आणि माघ व भाद्रपदात इथूनच पालखी मोरगावला जाते. "वाडा बघायला पाहुणे येतात" ही आजची गोष्ट आहे असं वाटत असेल तर ऐका. १८०० साली एडवर्ड मूर नावाचा इंग्रज अधिकारी इथल्या देवांना भेटला आणि "वंशपरंपरेनं चालत आलेला जिवंत देव" म्हणून त्यानं त्यावर निबंध लिहिला. नऊ वर्षांनी मारिया ग्रॅहम ही प्रवासी बाई येऊन गेली. तिच्या वर्णनात भक्ती नाही, कुतूहल आणि नाक मुरडणं आहे. म्हणजे चिंचवडच्या वाड्यांना बघे सव्वादोनशे वर्षांपासून आहेत आणि प्रत्येक बघ्यानं आपापली गोष्ट नेली आहे.

या देव घराण्यावर लॉरेन्स प्रेस्टन यांचं १९८९ चं पुस्तक आहे, केंब्रिजनं काढलेलं. ज्यांना घराण्यावर काम करायचंय त्यांनी ते वाचाच. तिथे चमत्कारांऐवजी इनामांचा माग काढलाय: सनदा, गावं, वारसांचे तंटे, मराठी राज्याशी आणि नंतर कंपनी सरकारशी चाललेला व्यवहार. एकाच वाड्याची भक्ताला दिसणारी बाजू आणि दप्तरात दिसणारी बाजू किती वेगळ्या असतात, हे त्यातून कळतं. दोन्हीही खऱ्या असू शकतात.

आता तिन्ही वाडे शेजारी ठेवा. मंगलमूर्ती वाडा देवस्थानाचा, म्हणून तिथे परंपरा जिवंत आहे आणि गोष्ट श्रद्धेची आहे. खेडचा वाडा राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली संरक्षित, म्हणून तिथे "मूळ स्वरूप" हा कळीचा शब्द. चापेकर वाड्याच्या मागे स्मारक समिती आणि महापालिका, म्हणून तिथे स्मारक आणि संग्रहालय, आणि गोष्ट प्रेरणेची. यात कोणाला नावं ठेवायची नाहीत. वाडा टिकवायला पैसा लागतो, आणि जो पैसा घालतो त्याला काहीतरी सांगायचं असतं. संशोधकानं एवढंच करायचं, की गोष्ट ऐकताना सांगणारा कोण आहे हेही टिपून ठेवायचं.

आणि हेही लक्षात ठेवा, की हे वाचलेले तीन. पिंपरीत १९५४ मध्ये पेनिसिलिनचा कारखाना आला, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. गावठाणातल्या जागेला सोन्याचा भाव आला. भाडेकरू, दहा वारस, गळकं छप्पर आणि दारात उभा बिल्डर, असं असताना वाडा पाडणाऱ्या माणसाला दोष देणं सोपं असतं. ज्यांच्या घरात कोणी हुतात्मा झाला नाही, कोणी देव झाला नाही, ते वाडे गेले. कुणब्यांची, कासारांची, महारवाड्यातली घरं तर "वारसा" या शब्दात कधी धरलीच गेली नाहीत. आपण जे जपतो त्यातून भूतकाळ कळतो, तेवढंच आपण कोणाला मोजतो हेही कळतं.

अवघड गोष्ट सांगायची का?

दामोदरपंतांच्या आत्मवृत्तात आणखीही काही आहे. ते कडवे सनातनी होते. समाजसुधारकांचा त्यांना तिटकारा होता आणि सुधारकांना मारहाण केल्याचं त्यांनी स्वतःच अभिमानानं लिहिलंय. राणीच्या पुतळ्याला डांबर फासणारा आणि सुधारकांवर हात उचलणारा माणूस एकच. मग स्मारकात आलेल्या सातवीच्या मुलांना हे सांगायचं का?

माझं मत बदलत गेलंय. आधी वाटायचं, सगळं सांगून टाकावं. आता वाटतं, सांगावंच, पण घराच्या गोष्टीच्या आत बसवून. उतरणीला लागलेलं घर, कीर्तनातली पुराणं, तुडवला गेलेला उंबरठा, आणि तो उंबरठा कसाही असला तरी आपला आहे ही जिद्द. असं सांगितलं तर मुलांना माणूस कळतो. नुसतं "पण ते सनातनी होते बरं का" म्हटलं तर एका पुतळ्याच्या जागी दुसरा पुतळा उभा राहतो, एवढंच.

काय मांडायचं यापेक्षा काय मोकळं सोडायचं हेही महत्त्वाचं असतं. अॅमस्टरडॅमला अॅन फ्रँक लपली होती ते घर आज संग्रहालय आहे. तिच्या वडिलांच्या इच्छेनुसार तिथल्या लपण्याच्या खोल्या रिकाम्या ठेवल्या आहेत. सामान नेलं गेलं, माणसं नेली गेली, ते रिकामपण हीच तिथली गोष्ट. आपल्याकडच्या एखाद्या माजघरातही पुतळे आणि दिवे न ठेवता, "इथे कोण राहत होतं, आम्ही शोधतोय" एवढीच पाटी लावली तर?

तुमच्यासाठी गृहपाठ

गावातलं कुठलंही जुनं घर घ्या. प्रसिद्ध नको. आणि एवढं करा.

एक, घरात राहिलेल्या माणसांची यादी करा, पुरुषांची नाही, माणसांची. सुना, विधवा आत्या, भाडेकरू, गडी, सगळे. वंशावळीत नावं नसतील तर तीच तुमची पहिली नोंद.

दोन, कागद काढा. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका मिळते. तिच्यावरचे फेरफार क्रमानं लावा. घर इनामाशी जोडलेलं असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात जा, पण त्याआधी मोडी शिका. मोडीशिवाय तिथे जाणं म्हणजे विहिरीवर दोराशिवाय जाणं.

तीन, भिंती वाचा. कोणती तुळई जुनी, कुठे सिमेंट, कोणतं दार बुजवलंय. बुजवलेलं दार म्हणजे बहुतेक वेळा भावांची वाटणी.

चार, घर दाखवणारा माणूस जे सांगतो ते शब्दशः लिहून घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करा: "इथे घडलं", "इथून निघाले" की "असं म्हणतात". तिन्हींना किंमत आहे. घोळ होतो तो एकीची खूण दुसरीला लावली की.

पाचवं मी मागच्या महिन्यात केलं. चिंचवडगावात एका सकाळी नुसती उभी राहिले आणि येणारे लोक पाहिले. एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. तो फोटो बघत सुटला होता, त्या मात्र दारातच थांबल्या, खाली वाकून उंबरठ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. नातवानं विचारलं, "आजी, इथे काय झालं होतं?" त्या म्हणाल्या, "अरे, इथे ते राहायचे."

माझ्या प्रकरणातलं ते खोडलेलं वाक्य आता असं आहे: "चापेकर कुटुंब मूळ चिंचवडच्या वाड्यात राहत असे." मॅडमनी त्याला गोल केलेला नाही.